बाहेरचे चौघे

११ जानेवारी २००९, ओल्गीन

इदालमिस म्हणते, "सर, आठवणी लिहा. लोमा प्रिएताचं काम कसं उभं राहिलं ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?" आठवणी लिहायला बसलो की काम आठवत नाही, शाळेतल्या कविता आठवतात. म्हणून रोज घडेल तेच लिहायचे ठरवले आहे. इदालमिस माझी विद्यार्थिनी, आता माझ्या खुर्चीवर बसते. तिचे मन मोडवत नाही.

आज घडले ते एवढेच. नोएमीने कॉफी काठोकाठ भरून दिली. ती आधी बशीत आणि मग पायजम्यावर सांडली.

"कप इतका भरू नये," मी म्हणालो.

"रोज एवढाच भरते, बाबा."

लेकीला तिसरा महिना लागला आहे. लग्नाला अकरा वर्षे झाल्यावर, सदतिसाव्या वर्षी. अशा दिवसांत बायकांचा हात जड होतो म्हणतात. जावई राऊदेल तिकडे व्हेनेझुएलात इस्पितळात परिचारकाचे काम करतो, त्यामुळे बोलून घ्यायला तिला मीच आहे. मी पायजमा बदलला.

१५ जानेवारी

बागेत बदामाच्या झाडाखाली डॉमिनो. पायरी चढताना अडखळलो तर सेफेरिनो सगळ्यांदेखत म्हणाला, "काय डॉक्टरा, आज सकाळीच लावलीस? आमच्यासाठी थांबायचंस तरी."

राऊदेलने पाठवलेले हे बूट पुढे जड आहेत. शिवाय बागेतल्या फरश्या कोण बसवतो कोण जाणे.

माझी नजर मात्र अजून शाबूत आहे. पलीकडून एक चाळिशीचा गडी चालला होता. पाय जरा फाकवून, प्रत्येक पाऊल जमीन आहे ना हे विचारल्यासारखे टाकत. मी मनात म्हटले, हा लोमा प्रिएताचा. सेफेरिनोने ओळख काढली, तर खरेच तिथला निघाला. पस्तीस वर्षे मी हीच चाल पाहत आलो. त्या गावाने कधी समुद्र पाहिलेला नाही, पण आजार झाला की म्हणतात, "अमका बोटीत बसला." आधी चाल हलते, मग हात, मग जीभ. कुणी चाळिशीत बसतो, कुणी सत्तरीत. पोरे मात्र बहुधा बापापेक्षा कमी वयात बसतात.

डाव हरलो. सोंगट्या उभ्या करताना दोनदा पडल्या. टेबल डुगडुगते.

२१ जानेवारी

इदालमिस आली. येताना कॉफीची पुडी घेऊन आली, म्हणजे काहीतरी काम असणार. बातमी मात्र मोठी होती. ब्रनोला, माझा तेव्हाचा परदेशी सोबती यारोमिर याच्या जुन्या विभागाच्या तळघरात आमचे टीपकागद सापडले. आम्ही १९७४ साली लोमा प्रिएतात रक्ताचे ठिपके ज्यांवर वाळवले होते, ते. तिने ते मेक्सिकोला पाठवले, तिथल्या लोकांकडे आता जनुक अक्षर अक्षर वाचायची यंत्रे आहेत. पस्तीस वर्षांपूर्वीचे रक्त आणि ते बोलले. मला भरून आले.

ती मात्र कागदांबद्दल बोलेना. भलतेच विचारत राहिली.

"सर, तुमची आई मूळची हिबाराचीच?"

"समुद्र दिसला नाही तर तिला जेवण जात नसे. हिबाराचीच."

"आणि तुमचा जन्म?"

"शाळेत नाव तिथंच घातलं. जन्माच्या वेळी मी होतो, पण मला आठवत नाही."

ती हसली नाही. मग नोएमीला हाक मारून कितवा महिना विचारला, आणि उठता उठता म्हणाली, "सर, तुम्हाला मला काही विचारायचं आहे का?"

"तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?"

"बरा आहे," ती म्हणाली आणि दारात उगाच उभी राहिली. लोमा प्रिएताच्या नव्या दवाखान्याला माझे नाव द्यायचे घाटते आहे. बहुधा भाषणासाठी माझी माहिती गोळा करत असेल आणि ते गुपित ठेवायचे असेल. पण मग डोळे का लाल होते?

२२ जानेवारी

टीपकागदांनी झोप उडवली. यारोमिर डोळ्यांपुढे आला. उंच, हडकुळा, टोपी न घालता उन्हात भाजून लाल झालेला. त्याला आमची भाषा येत नव्हती, मला त्याची. आम्ही दोघे मोडक्या रशियनमध्ये बोलायचो, आणि दोघांनाही ती बोलताना आपापल्या देशात कुणी ऐकत नाही ना असे वाटायचे. गावात जिचा शब्द चाले त्या रेमेदिओसबाईच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीवर आम्ही कागद चिमट्यांनी लावले होते. कोंबड्या खालून माना वर करून पाहत होत्या.

तेव्हाची एक गोष्ट. बाईने सगळ्यांना कॉफी दिली, तिच्या थोरल्या भावाला मात्र अर्धाच कप. यारोमिरने मला कानात विचारले, हा घरातला नावडता का? मी बाईला विचारले. ती म्हणाली, "बोटीत बसलेल्याला भरून देत नाहीत. सांडलं तर माणूस लाजतो. अर्धा दिला की सांडत नाही, आणि कुणाला बोलावंही लागत नाही." मी हे निबंधात तळटीप म्हणून घातले होते. यारोमिरने काढले. हे शास्त्र नाही म्हणाला.

आणि अट. रक्त देण्याआधी बाईने आम्हाला अंगणात उभे करून सांगितले, "कुणाला पुढं काय होणार ते तुम्हाला कळेल, आम्हाला ठाऊक आहे. पण ज्यानं विचारलं नाही त्याला सांगायचं नाही. विचारलं तर घरी पाठवायचं. रात्र झोपून त्यानं पुन्हा विचारलं तरच सांगायचं. आणि एकट्याला नाही, त्यानं आपलं माणूस बरोबर आणलं पाहिजे." आम्ही शब्द दिला. पुढे परदेशातल्या पुस्तकांत हा नियम माझ्या नावाने आला. तो माझा नव्हता, बाईचा होता. पण पाळला मी. माझ्या हाताखालच्या एकानेही तो मोडला नाही.

तुलनेसाठी बाहेरची निरोगी माणसे हवी होती, आणि गावात बाहेरचे असे आम्हीच. म्हणून यारोमिर, मी, नर्स आणि ड्रायव्हर अशा आम्ही चौघांनीच बोटे टोचून घेतली. यारोमिर ओरडला तसे गावातले एकही पोर ओरडले नव्हते.

३० जानेवारी

दुपारी वीज गेली. पंखा थांबला की जुने दिवस येतात.

बेलार्मिनो आठवला, माझा धर्मपिता. वर्षातून एकदा, नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला, डोंगराकडून यायचा. पिकल्या मिशा, ताडाच्या सालीत बांधलेली पेरूची वडी आणि माझ्यासाठी लाकडाचे काहीतरी. गल्लीच्या तोंडाशी दिसला की पोरे ओरडायची, "आला रे झिंगलेला!" भिंतीला हात लावत, झुलत झुलत यायचा. मला त्याची लाज कधी वाटली नाही. झुलणारा माणूस मला आनंदी वाटायचा. माझे कान धरून म्हणायचा, "हे कान माझेच आहेत, परत दे." मी खदाखदा हसायचो आणि आई स्वयंपाकघरात निघून जायची.

आईला त्याचे पिणे खपत नसावे. दुसऱ्यांना कप भरून देणारी ती, त्याला मात्र मोजून अर्धाच द्यायची. गंमत म्हणजे त्याच्या तोंडाला दारूचा वास मला कधी आला नाही. वडीचा यायचा. पोरांना काय कळते.

त्याच वर्षांत शाळेत एर्मिनियाबाईंनी शिकवलेली ताडाची कविता. बाईंनी स्वतःच रचलेली, स्नेहसंमेलनात मी म्हटली होती.

वाऱ्यापुढे वाकतो ताड, पुन्हा उभा राहतो,
कुठून आलास वाऱ्या, असे कधी न पुसतो.

पुढच्या दोन ओळी काही केल्या येईनात. त्यात कोणतातरी पक्षी होता.

४ फेब्रुवारी

आज इदालमिसने सांगितले. बसली, उठली, खिडकी उघडली, आणि म्हणाली, "सर, बाहेरच्या चौघांपैकी एक बाहेरचा नाही."

मला आधी समजलेच नाही. "म्हणजे?"

"त्याच्या कागदावर तोच दोष आहे. लोमा प्रिएताचाच. त्या दोषाशेजारची जनुकातली अक्षरंसुद्धा तीच. एकाच घराण्यातला."

आमचा १९७९चा निबंध त्या चौघांवर उभा आहे. यारोमिर मेला, उत्तर द्यायला मीच उरलो. मी म्हणालो, "दुरुस्ती छापावी लागेल. हिशेब पुन्हा मांडावे लागतील."

"निबंध जाऊ द्या, सर."

"जाऊ द्या कसा? आयुष्य गेलं त्यात. कोण आहे तो? नाही, थांब. सांगू नकोस. त्याने विचारलंय का?"

"नाही."

"मग आपल्याला तोंड नाही."

ती म्हणाली, "आणि त्या माणसाला लेक असेल तर? आणि लेकीला दिवस गेले असतील तर? पाचवा महिना सरेपर्यंत गर्भाची तपासणी करता येते. पुढे काय करायचं ते तिनं ठरवावं. पण ठरवायला आधी कळायला नको?"

प्रश्न अवघड होता. माझे विद्यार्थी मला असे प्रश्न विचारत तेव्हा मला आनंद व्हायचा. मी खडू हातात असल्यासारखा बोललो. "इदालमिस, आज एकासाठी शब्द मोडला तर उद्या त्या गावात आपल्याला कुणी अंगणात उभं करणार नाही. तो विचारेल. आपण त्याच्या आसपास राहायचं आणि वाट पाहायची."

"तेच करतेय, सर," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला पाणी दिले. निम्मे पाणी तिच्या मांडीवर सांडले. मला कळेना, एका निबंधासाठी एवढे रडायचे काय.

५ फेब्रुवारी

कोण असेल? कार्मेलिना नर्स वारली, तिला मूल नव्हते. यारोमिर ब्रनोचा. मी हिबाराचा. उरला एलिबेर्तो, आमचा ड्रायव्हर. मायारीकडचा, म्हणजे डोंगराच्या अंगाचाच, आणि घरात दोन लेकी. वाईट वाटले. खडखडत्या जीपमधून किती वर्षे नेले-आणले त्याने, आणि बिचाऱ्याला ठाऊक नाही की तो रोज आपल्याच गावी जात होता.

भेटून यावे. सांगणार काहीच नाही. नुसते त्याच्या जवळ बसावे, म्हणजे त्याला विचारावेसे वाटले तर विचारेल.

१२ फेब्रुवारी

मायारीला जाऊन आलो. नोएमी ऐकेना, बरोबर आली. बसमध्ये चढताना तिने मला धरले. मी म्हणालो, "धरायचं मी तुला." ती म्हणाली, "आपण एकमेकांना धरू."

एलिबेर्तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि आम्ही पोचलो तेव्हा तो आंब्याच्या झाडावर होता. तिथूनच म्हणाला, "आलात का डॉक्टर! थांबा, उतरतो. तुम्ही चढू नका, तुमचं लक्षण चढायचं दिसत नाही." मग एका तबकात तीन कप भरून अंगणभर चालत आला. थेंब सांडला नाही. मी डोळे फाडून पाहत होतो. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालून दाखव म्हटले, तर चाललाच, वर नाचून दाखवले. त्याच्या बायकोने विचारले, "याला सरकारी नोकरी देताय की काय?"

परत येताना मन गोंधळून गेले. एलिबेर्तो नाही. कार्मेलिना तर ऐंशी वर्षांची होऊन सायकलवरून पडून गेली, सायकलवर बसणारी बाई बोटीत कशी असेल? यारोमिर नाही. तिघे झाले. चौथा कोण, ते आठवेना. बोटांवर पुन्हा मोजले, पुन्हा तीनच भरले. शेवटी नोएमीला विचारले, "त्या कागदांत बाहेरचे चौघे होते बघ. एलिबेर्तो, कार्मेलिना, यारोमिर आणि..."

"तुम्ही, बाबा."

हो की. दोघेही हसलो. तिचे हसू आधी थांबले.

२२ फेब्रुवारी

लोमा प्रिएतातला समारंभ. पाटीवर माझे नाव, शाळेच्या पोरांचे गाणे, भाषणे. माझी पाळी आली तेव्हा मंडपातून व्यासपीठापर्यंत चालत गेलो. आधी गलका होता. मी चालू लागलो तसा तो एकेका रांगेने कमी होत गेला आणि मी पोचलो तेव्हा कोंबडी बोलली तरी ऐकू आली असती. आदराने गप्प झाले असे वाटून मी भाषण थोडक्यात आटोपले. जीभही जरा जड होती. ऊन फार.

नंतर रेमेदिओसबाईच्या लेकीकडे, फिलोमेनाकडे गेलो. तीही आता सत्तरीची. तेच अंगण, तीच दोरी. इदालमिस होती, नोएमी होती, पंचायतीतली माणसे होती. फिलोमेनाने कॉफी आणली. मला दिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. पस्तीस वर्षांत तिने मला कधी हात लावला नव्हता.

म्हणाली, "घरी आलात, डॉक्टर."

कप अर्धा होता.

मला वाटले, कॉफी संपली असेल, रेशनवर वाट्याला येते ती पुरते कुणाला? शेजारच्याच्या कपात पाहिले. भरलेला. इदालमिसचा भरलेला. नोएमीचा भरलेला. पंचायतीच्या माणसाने तर दुसऱ्यांदा मागून घेतली.

मी पिऊन टाकली. सांडली नाही.

२४ फेब्रुवारी

काल काही लिहिले नाही. आज पहाटे कोंबड्याच्या आरवण्याबरोबर एर्मिनियाबाईंच्या उरलेल्या ओळी आल्या, जशा कधी गेल्याच नव्हत्या.

पुसते मात्र चिमणी, जिचे शेंड्यावर घरटे,
आज येशील का रे वाऱ्या, म्हणते आणि थरथरते.

आरशापुढे उभा राहून कान पाहिले. मोठे आहेत. मिशा नाहीत मला. आई अर्धा कप द्यायची. हिबारात तसा रिवाज नव्हता. मग ती तो कुठे शिकली?

मी हजार माणसे चालताना पाहिली. बेलार्मिनोलाही शेकडो वेळा, रोज रात्री डोळे मिटून. त्याला मी कधी डॉक्टरच्या नजरेने पाहिले नाही. आज पाहायला गेलो तर तो भिंतीला हात लावून उभा राहिला आणि हसला.

२५ फेब्रुवारी

इदालमिसच्या खोलीत गेलो. एकेकाळी माझीच. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणालो, नाहीतर धीर सुटला असता.

"मला विचारायचंय. तो चौथा मी आहे का?"

तिने टेबलाची कड धरली. मग मीच जसे तिला शिकवले होते तसे, शब्दन् शब्द, म्हणाली, "तुम्ही आज विचारलंत. घरी जा. झोपा. उद्याही वाटलं तर या. आपलं माणूस बरोबर आणा."

"इदालमिस, मी तुझा सर आहे. आत्ता सांग."

"नाही सांगणार, सर."

राग आला. मग वाटले, पोरगी तयार झाली. जिना उतरताना तिने मला धरले आणि मी धरू दिले.

पण आपले माणूस म्हणजे कोण? राऊदेल समुद्रापार. सेफेरिनोला नेले तर बागभर होईल. आपले माणूस एकच. आणि तिला नेले की तिने न विचारता तिला कळणार. बाईच्या अटीत याला वाट नाही. की होती, आणि मीच नीट ऐकली नाही? बाईला जाऊन तीस वर्षे झाली.

संध्याकाळी नोएमी तांदूळ निवडत होती. समोर बसलो. म्हणालो, "उद्या मला इदालमिसकडे जायचंय. काहीतरी ऐकायचंय. एकट्याला सांगत नाहीत. तुला आणलं तर तुलाही ऐकावं लागेल. नको म्हण, मी एलिबेर्तोला बोलावतो."

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "फिलोमेनानं तुमचा कप भरला तेव्हा मी बघत होते."

"तुला त्या रिवाजाचं कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. लहानपणी गोष्ट म्हणून सांगायचात. शास्त्र नाही म्हणून एकानं काढून टाकलेली गोष्ट."

मग तांदूळ निवडून झाले तरी ती ताट हलवत बसली. मी विचारले, "येशील?" ती म्हणाली, "झोपून सांगते."

२६ फेब्रुवारी

सकाळी मी आधीच अंगणात येऊन बसलो होतो. बूट जुने घातले. नोएमी बाहेर जायला तयार होऊन आली, केस बांधलेले, पर्स खांद्याला. हातात तबक होते. दोन कप.

एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे. ती पोटावर हात ठेवून माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "तुमचं विचारून झालं की मग मी माझं विचारणार आहे. आज पहिल्यांदा. उद्या पुन्हा जाऊ."

मी कपाकडे पाहिले. मग तिच्या कपाकडे.

दोन्ही अर्धे होते.